कुंडलीतील एका ग्रहाचा विचार कोणत्या क्रमाने करावा: तयारी, टप्पे आणि वारंवार होणाऱ्या चुका

कुंडली समोर आली की नव्याने शिकणाऱ्याची नजर प्रथम उच्च-नीच (सर्वांत बलवान आणि सर्वांत दुबळ्या राशीतील) ग्रहांवर जाते, मग मंगळ कुठे आहे ते पाहिले जाते आणि लगेच साडेसातीची चौकशी सुरू होते. या घाईत ग्रहाचा निकाल पहिल्या मिनिटाला लागतो आणि पुढचे सारे वाचन त्या निकालाला पुरावे गोळा करण्यात जाते. हा लेख ती चूक टाळण्यासाठी आहे.

ग्रहाविषयी तीन प्रश्न विचारायचे असतात आणि ते याच क्रमाने विचारायचे असतात: तो काय देणार, किती देऊ शकणार आणि केव्हा देणार. पहिल्याचे उत्तर स्वामित्व (तो कोणत्या घरांचा मालक आहे), स्थान (तो कोणत्या घरात आहे) आणि कारकत्व (तो मुळात कोणत्या विषयांचा दर्शक आहे) यांतून मिळते, दुसऱ्याचे बलातून, तिसऱ्याचे दशा (ग्रहांना वाटून दिलेले आयुष्याचे कालखंड) आणि गोचर (ग्रहांचे त्या-त्या वेळचे भ्रमण) यांतून. ‘उच्चीचा आहे म्हणजे चांगला’ या वाक्यात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाला चिकटवलेले असते. उच्चीचा ग्रह समर्थ असतो. त्याचे सामर्थ्य जातकाला, म्हणजे ज्याची कुंडली आहे त्याला, अनुकूल आहे की नाही, हे उच्चत्वावरून कळत नाही.

आणखी एक भेद आरंभीच मनात पक्का असावा. ग्रहांचे अंश, तिथी आणि दशांची वर्षे हे गणित आहे आणि ते पंचांगावरून कोणालाही पडताळता येते. त्यांवरून काढलेले फलित हे परंपरेने ठरवलेल्या संकेतांचे वाचन आहे. मोजणीची पद्धत एकदा ठरली की गणितात मतभेदाला जागा नाही, फलितात ती आहे. म्हणून फलित सांगताना प्रत्येक विधान कोणत्या संकेतावरून निघाले, हे दाखवता आले पाहिजे.

पूर्वतयारी

जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ यांच्यासोबत वेळ कोठून मिळाली याचीही नोंद करावी. रुग्णालयातील नोंद, घरातील वहीतील टिपण आणि आईची आठवण या तिन्हींची विश्वासार्हता सारखी नसते. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा अंश, सरासरी ४ मिनिटांत १ अंश पुढे सरकते आणि सुमारे २ तासांत राशी बदलते; नवमांश (राशीचे नऊ भाग करून मांडलेली कुंडली) यातील लग्न तर साधारण १३ मिनिटांत बदलते. सांगितलेली वेळ ‘साडेबारा’ किंवा ‘एक’ अशी गोल असेल, तर नवमांश लग्नावर कोणतेही विधान उभे करू नये. भारतातील १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळातील जन्म असेल, तर युद्धकाळामुळे घड्याळे एक तास पुढे होती हे ध्यानात ठेवावे. वडीलधाऱ्यांच्या जुन्या पत्रिका नव्याने मांडताना ही एक तासाची चूक हमखास होते.

यानंतर अयनांश, म्हणजे ऋतूंवरून मोजलेले आणि नक्षत्रांवरून मोजलेले राशीचक्र यांतील अंशांचा फरक, निश्चित करावा. भारत सरकारच्या राष्ट्रीय पंचांगात चित्रापक्ष अयनांश वापरतात, ज्याला आपण लाहिरी म्हणून ओळखतो. रामन अयनांश त्याच्याहून सुमारे दीड अंशाने कमी आहे. कोणता वापरावा यावर अभ्यासक वाद घालोत. मात्र कुंडली एका अयनांशाने आणि दशा दुसऱ्याने असे कधीही करू नये. संगणकावर किंवा मोबाइलवर कुंडली काढताना निवडलेला अयनांश कागदाच्या शिरोभागी लिहावा.

हाताशी असावे ते इतकेच: अंश-कलांसह (६० कला म्हणजे १ अंश) निरयन, म्हणजे नक्षत्रांवरून मोजलेले, स्पष्ट ग्रह, लग्नकुंडली, भावचलित (लग्नाचा अंश मध्य धरून आखलेल्या स्थानांची कुंडली), नवमांश आणि विंशोत्तरी दशांचा (१२० वर्षांच्या दशाचक्राचा) तक्ता. शिवाय एका कोऱ्या कागदावर ‘काय’, ‘किती’ आणि ‘केव्हा’ असे तीन रकाने आखावेत. हा कागद टाळला की क्रम मोडतो.

सर्व टप्प्यांसाठी एकच नमुना कुंडली घेऊ आणि तिच्यातील फक्त शनीचा विचार करू.

लग्न तूळ १४ अंश. रवी मिथुन २८. चंद्र कर्क २८. मंगळ तूळ १०. बुध कर्क १५, वक्री (उलट चालीचा दिसणारा). गुरू मेष ८. शुक्र सिंह ७. शनी मेष २१. राहू कर्क २०. केतू मकर २०.

टप्पा १: वाचनापूर्वी गणिताचा पडताळा

चुकीच्या कुंडलीचे अचूक वाचन निरुपयोगी असते. पुढील तपासणीस पाच मिनिटेही लागत नाहीत.

रवी कोणत्या स्थानात आहे ते पाहावे. सूर्योदयाच्या सुमारास रवी लग्नाजवळ, माध्यान्ही दशमाजवळ, सूर्यास्ताला सप्तमाजवळ आणि मध्यरात्री चतुर्थाजवळ असतो. नमुन्यात तो नवमात आहे, म्हणजे जन्म दुपार कलल्यानंतरचा असला पाहिजे. वेळ सकाळची सांगितली असेल, तर इथेच थांबावे.

रवीची राशी जन्मतारखेशी जुळते का पाहावे. निरयन रवी १४ एप्रिलच्या सुमारास मेषेत आणि १६ जुलैच्या सुमारास कर्केत प्रवेश करतो. मिथुन २८ अंश म्हणजे जुलैचा मध्य जवळ आला आहे.

चंद्राच्या भोगातून (मेषेच्या आरंभापासून मोजलेल्या अंशांतून) रवीचा भोग वजा करून बाकीस १२ ने भागले की तिथी मिळते. नमुन्यात हे अंतर ३० अंश आहे. भागाकार अडीच येतो, म्हणजे दोन तिथी संपून शुक्ल तृतीया चालू आहे. पंचांगात त्या दिवशी, त्या वेळी तृतीयाच असावी.

बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे आणि शुक्र सुमारे ४८ अंशांपलीकडे जात नाही. राहू आणि केतू समोरासमोर, एकाच अंशावर असतात. शनीसारखा बाह्य ग्रह वक्री असायचा तर रवी त्याच्यापासून साधारण पाचव्या ते नवव्या राशीत असावा लागतो. नमुन्यात रवी शनीपासून तिसरा आहे, म्हणून शनी मार्गी (सरळ चालीचा) दाखवला आहे हे योग्य आहे.

*पडताळा:* यांपैकी एकही गोष्ट जुळली नाही तर फलिताकडे वळू नये. आधी तारीख, वेळ, स्थळ आणि अयनांश पुन्हा भरावेत.

टप्पा २: स्थाने मोजणे

आपल्याकडे प्रचलित असलेल्या, तिरप्या रेषांच्या चौकोनी कुंडलीत घरांमध्ये लिहिलेले आकडे राशींचे असतात, स्थानांचे नव्हेत. वरच्या मधल्या घरात ७ हा आकडा असेल, तर ते सप्तम स्थान नसून तूळ लग्न आहे. तेथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजत जायचे. अनेक वर्षे पत्रिका हाताळणारेही घाईत ‘एकच्या घरातला शनी’ असे म्हणून तो लग्नी धरतात. नमुन्यात तो १ या आकड्याच्या घरात, म्हणजे मेषेत आहे खरा, पण स्थान सप्तम आहे.

स्थान ठरल्यावर भावचलितात तो ग्रह शेजारच्या भावात सरकला आहे का ते पाहावे. लग्न १४ अंशांवर असल्याने सप्तमाचा मध्य मेष १४ अंशांवर येतो आणि २१ अंशांवरचा शनी त्या भावातच राहतो. लग्न राशीच्या अगदी आरंभी किंवा अखेरीस असेल, तर हा तपास जास्त काळजीने करावा.

टप्पा ३: स्वामित्व, म्हणजे ग्रह कोणाचा प्रतिनिधी आहे

सर्वांत जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून येथे सावकाश जावे.

नैसर्गिक शुभत्व आणि या लग्नासाठीचे शुभत्व वेगळे असते. गुरू, शुक्र, पक्षबली चंद्र आणि पापग्रहांच्या संगतीत नसलेला बुध नैसर्गिक शुभ; रवी, मंगळ, शनी, राहू, केतू आणि क्षीण चंद्र नैसर्गिक पापग्रह. ही यादी पाठ असते म्हणून लोक तिच्यावरच थांबतात. परंतु ग्रह ज्या स्थानांचा स्वामी असतो, त्यांच्या कामाला तो जुंपलेला असतो.

त्रिकोणांचे, म्हणजे १, ५ आणि ९ या स्थानांचे स्वामी शुभ फल देणारे मानतात. ४, ७ आणि १० या केंद्रांचा स्वामी नैसर्गिक शुभ ग्रह असेल तर त्याचे शुभत्व निवळते, पापग्रह असेल तर पापत्व निवळते. ३, ६ आणि ११ यांचे स्वामी अशुभ मानतात. अष्टमेशही (आठव्या स्थानाचा स्वामी) अशुभ, मात्र रवी आणि चंद्र यांना अष्टमेशत्वाचा दोष मानत नाहीत. २ आणि १२ यांचे स्वामी बहुतांशी संगतीप्रमाणे आणि आपल्या दुसऱ्या राशीच्या स्थानाप्रमाणे वागतात. एकच ग्रह केंद्राचा आणि त्रिकोणाचा स्वामी झाला की तो योगकारक होतो: वृषभ आणि तूळ लग्नाला शनी, कर्क आणि सिंह लग्नाला मंगळ, मकर आणि कुंभ लग्नाला शुक्र.

नमुन्यात तूळ लग्न आहे. मकर चतुर्थात आणि कुंभ पंचमात येते, म्हणून शनी चतुर्थेश, पंचमेश आणि योगकारक झाला. त्याची मूलत्रिकोण राशी, म्हणजे त्याच्या दोन राशींपैकी जास्त बलाची राशी, कुंभ असल्याने पंचमाच्या गोष्टींना त्याच्याकडून अधिक वजन मिळेल. याउलट गुरू येथे तृतीय आणि षष्ठ या स्थानांचा स्वामी आहे. ‘शनी वाईट, गुरू चांगला’ असे पाठ म्हणणारा अभ्यासक या कुंडलीत पहिल्याच वाक्याला चुकतो.

*सावधान:* राहू आणि केतू यांना स्वामित्व नाही. ते ज्या राशीत आहेत तिचा स्वामी आणि सोबतचे ग्रह यांच्यावरून त्यांचे फल पाहावे. ‘राहू दशमात’ एवढ्यावरून वाक्य पूर्ण होत नाही. नमुन्यात तो चंद्राच्या राशीत, चंद्र आणि बुध यांच्यासोबत आहे, हे वाक्यात आले पाहिजे.

टप्पा ४: स्थान आणि कारकत्व यांची सांगड

आता तो प्रतिनिधी कुठे बसला आहे ते पाहावे. चतुर्थेश-पंचमेश शनी सप्तमात आहे, म्हणजे वास्तू, माता, शिक्षण आणि संतती या विषयांचा मार्ग जोडीदार, भागीदारी आणि दुसऱ्या व्यक्तीशी होणारे करार यांच्यातून जातो. ‘शनी सप्तमात, म्हणून विवाहास विलंब’ हे वाचन येथे अर्धे आहे, कारण सप्तमात केवळ विलंबाचा कारक बसलेला नाही, चतुर्थ आणि पंचम ही दोन घरेही आपला प्रतिनिधी घेऊन आली आहेत.

कारकत्व हे सर्वांना समान असते: रवी आत्मा आणि पिता, चंद्र मन आणि माता, मंगळ पराक्रम, भूमी आणि धाकटी भावंडे, बुध वाणी आणि व्यवहारबुद्धी, गुरू ज्ञान आणि संतती, शुक्र विवाह आणि कला, शनी आयुष्य, कष्ट आणि चिकाटी. समान असल्यामुळेच ते शेवटी जोडावे. स्वामित्व आणि स्थान विषय ठरवतात. कारकत्व त्या विषयाचा रंग सांगते. शनीचे फल संथपणे, श्रमाने आणि टिकाऊ स्वरूपात येते, इतका रंग येथे पुरे.

‘काय’ हा रकाना इथे भरून टाकावा आणि पुढे कितीही मोह झाला तरी त्यात खाडाखोड करू नये. पुढील टप्पे ‘किती’ या रकान्यासाठी आहेत.

टप्पा ५: राशीबल

परमोच्च अंश असे आहेत: रवी मेष १०, चंद्र वृषभ ३, मंगळ मकर २८, बुध कन्या १५, गुरू कर्क ५, शुक्र मीन २७ आणि शनी तूळ २०. समोरच्या राशीतील तेच अंश परमनीच होत. राशीइतकेच अंशांनाही महत्त्व आहे. परमनीच बिंदूपासून ग्रह किती अंश दूर आहे ते काढून ३ ने भागले की ६० पैकी उच्चबल मिळते. नमुन्यातील शनी मेष २१ अंशांवर, म्हणजे परमनीच बिंदूपासून केवळ १ अंश दूर आहे. त्याचे उच्चबल ६० पैकी जेमतेम ०.३३ भरते. मेषेच्या आरंभी, १ अंशावर असता तर ते सहाच्या वर गेले असते. दोघांनाही ‘नीच’ हा एकच शब्द लावून पुढे जाणे हे अंश असूनही न वाचण्यासारखे आहे.

ग्रह उच्च किंवा नीच नसेल तर मूलत्रिकोण, स्वराशी, मित्रराशी, समराशी आणि शत्रुराशी या उतरत्या क्रमाने पाहावे. नैसर्गिक मैत्रीत तात्कालिक मैत्री मिळवायला विसरू नये: एखाद्या ग्रहापासून २, ३, ४, १०, ११ आणि १२ या स्थानांतील ग्रह त्याचे तात्कालिक मित्र, बाकीचे शत्रू. शनीला मंगळ नैसर्गिक शत्रू आहे आणि नमुन्यात तो शनीपासून सातवा आहे, म्हणून राशीस्वामी अधिशत्रू (दोन्ही प्रकारे शत्रू) ठरतो.

यानंतर नीचभंग. नीच राशीचा स्वामी, किंवा त्या ग्रहाच्या उच्च राशीचा स्वामी, लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात (१, ४, ७ किंवा १० व्या स्थानी) असेल तर नीचत्व भंगते असे मानतात. मेषेचा स्वामी मंगळ लग्नात आहे आणि कर्केतील चंद्रापासून चौथा आहे, म्हणजे दोन्हींकडून केंद्रात आहे. तुळेचा स्वामी शुक्र मात्र लग्नापासून अकरावा आणि चंद्रापासून दुसरा, म्हणून त्याचा आधार नाही.

*सावधान:* नीचभंग झाला म्हणजे ग्रह उच्चीचा झाला असे नव्हे. दुबळ्या माणसाला आधाराची काठी मिळाली, इतकेच. एकाच नियमाने झालेल्या भंगाला ‘राजयोग’ म्हणणे मला योग्य वाटत नाही. नमुन्यात आधार देणारा मंगळ शनीचा अधिशत्रू आहे, हेही त्याच वाक्यात लिहावे.

टप्पा ६: युती आणि दृष्टी

दृष्टी मोजताना ग्रह ज्या राशीत आहे ती राशी एक धरून मोजावे. सर्व ग्रह सातव्या स्थानाकडे पाहतात. मंगळ शिवाय चौथ्या आणि आठव्या, गुरू पाचव्या आणि नवव्या, शनी तिसऱ्या आणि दहाव्या स्थानाकडे. पुढच्या घरापासून मोजायला सुरुवात केली की सगळ्या दृष्टी एक घर सरकतात.

सप्तमातील शनी नवमाकडे, लग्नाकडे आणि चतुर्थाकडे पाहतो. चतुर्थ हे त्याचे स्वतःचे घर असल्याने ही दृष्टी त्या स्थानाला सांभाळणारी आहे, जरी तेथे केतू असला तरी. नवमात रवी आहे. एकादशेश आणि पितृकारक रवीवर शनीची दृष्टी पडल्याने वडिलांशी संबंधित जबाबदारीचा विषय या शनीत येतो. शनीवर काय होते आहे तेही पाहावे: लग्नातून मंगळाची सातवी दृष्टी त्याच्यावर आहे, आणि गुरू त्याच राशीत १३ अंश अलीकडे आहे. हा गुरू षष्ठेश असल्याने ‘गुरूची युती, म्हणजे सारे निर्विघ्न’ असे लिहिता येत नाही. त्याची नैसर्गिक सौम्यता कामी येते, पण षष्ठाचे वाद आणि देणी हेही विषय तो सोबत आणतो.

टप्पा ७: अस्त, वक्री आणि दिग्बल

रवीपासून ठरावीक अंशांच्या आत ग्रह अस्तंगत (रवीच्या तेजात झाकलेला) मानतात: चंद्र १२, मंगळ १७, बुध १४ (वक्री असता १२), गुरू ११, शुक्र १० (वक्री असता ८) आणि शनी १५. येथे अंशात्मक अंतर मोजावे. एका राशीत असणे म्हणजे अस्त नव्हे आणि शेजारच्या राशीत असणे म्हणजे सुटका नव्हे. नमुन्यातील शनी रवीपासून ६७ अंश दूर आहे, म्हणून हा प्रश्न उद्भवत नाही.

वक्री ग्रहाला चेष्टाबल (गतीमुळे मिळणारे बल) अधिक असते. ‘वक्री म्हणजे वाकडे फळ’ हा समज शब्दावरून झालेला आहे.

दिग्बल (दिशेमुळे मिळणारे बल) बुध आणि गुरू यांना लग्नात, चंद्र आणि शुक्र यांना चतुर्थात, शनीला सप्तमात, रवी आणि मंगळ यांना दशमात मिळते. म्हणजे ज्या मेष राशीने शनीला दुबळे केले, त्याच सप्तम स्थानाने त्याला दिग्बल दिले आहे. परस्परविरुद्ध नोंदी दिसल्या की अनेकजण गोंधळतात आणि सोयीची नोंद ठेवून दुसरी सोडून देतात. दोन्ही लिहाव्यात. ‘किती’ हा रकाना जमाखर्चाचा आहे, तेथे एकच बाजू भरली की हिशेब खोटा होतो.

टप्पा ८: नवमांशात खात्री

नवमांश ३ अंश २० कलांचा, म्हणजे २०० कलांचा असतो. चर राशीत (मेष, कर्क, तूळ, मकर) मोजणी त्याच राशीपासून, स्थिर राशीत (वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ) तिच्या नवव्या राशीपासून आणि द्विस्वभाव राशीत (मिथुन, कन्या, धनू, मीन) तिच्या पाचव्या राशीपासून सुरू होते. शनी मेष २१ अंश, म्हणजे १२६० कला. २०० ने भागल्यास ६ पूर्ण होऊन सातवा नवमांश चालू आहे. मेष चर राशी असल्याने मेषेपासून सातवी, तूळ. राशीकुंडलीत परमनीच बिंदूला चिकटलेला शनी नवमांशात उच्च राशीत गेला आहे.

हे पाहून आधीच्या नोंदी पुसायच्या नाहीत. परंपरेत राशीकुंडली हे झाड आणि नवमांश हे फळ मानतात. त्या न्यायाने मी असे वाचतो की आरंभ खडतर, पण त्या कामात मुरलेला माणूस उत्तरोत्तर भक्कम होतो. सातव्या नवमांशाची कक्षा २० अंश ते २३ अंश २० कला आहे आणि शनी तिच्या कडेवर नाही, हेही तपासावे. तो १९ अंश ५० कलांवर असता तर नवमांश कन्या झाला असता आणि हे संपूर्ण वाक्य कोसळले असते.

*सावधान:* नवमांश ही दुसरी स्वतंत्र कुंडली समजून तिच्यात नव्याने दृष्टी आणि योग मोजत बसू नये. येथे तिचा उपयोग बलाची खात्री करण्यापुरता आहे.

टप्पा ९: दशा, म्हणजे ‘केव्हा’

विंशोत्तरीची १२० वर्षे अशी विभागली आहेत: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. आरंभ जन्मनक्षत्राच्या स्वामीपासून होतो.

चंद्र कर्क २८ अंशांवर, आश्लेषा नक्षत्रात आहे. आश्लेषा १६ अंश ४० कलांपासून ३० अंशांपर्यंत असते; ८०० कलांपैकी ६८० संपून १२० उरल्या. बुधाच्या १७ वर्षांना १२० ने गुणून ८०० ने भागले की जन्मकाळी भोग्य (उरलेली) दशा २ वर्षे ६ महिने १८ दिवस येते. हीच कुंडली रामन अयनांशाने काढली असती, तर चंद्र सुमारे दीड अंश पुढे जाऊन भोग्य दशा आठ-नऊ महिनेच उरली असती आणि पुढची प्रत्येक तारीख पावणेदोन वर्षांहून अधिक सरकली असती. तयारीत अयनांश लिहून ठेवायला सांगितला तो यासाठी.

बुधानंतर केतू, शुक्र, रवी, चंद्र, मंगळ, राहू आणि गुरू अशी ८४ वर्षे गेल्यावर शनीची महादशा वयाच्या ८७ व्या वर्षी सुरू होते. ज्या शनीविषयी इतके मोजले, त्याची महादशा बहुधा कामाच्या वयात येणारच नाही. त्याचे फल अंतर्दशांतून, म्हणजे इतर ग्रहांच्या महादशांतील त्याच्या पोटकालखंडांतून, पाहावे लागेल. ही गोष्ट न पाहता ‘शनी योगकारक, म्हणून मोठा उत्कर्ष’ असे सांगणारा जातकाला तारखेविना आशा देतो.

अंतर्दशेचे महिने काढण्यासाठी दोन्ही ग्रहांची वर्षे गुणून १० ने भागावे. शुक्रात शनी: २० गुणिले १९ भागिले १०, म्हणजे ३८ महिने. शुक्र महादशा ९ वर्षे ६ महिने १८ दिवस या वयाला लागते. तिच्यात शनीपूर्वीच्या सहा अंतर्दशांचे १५४ महिने जातात. म्हणून शनीची अंतर्दशा २२ वर्षे ४ महिने १८ दिवसांपासून २५ वर्षे ६ महिने १८ दिवसांपर्यंत येते. शनी भरणी नक्षत्रात आहे आणि भरणीचा स्वामी शुक्र येथे लग्नेशही आहे, त्यामुळे हा काळ शनीच्या विषयांसाठी खास लक्ष देण्याजोगा ठरतो.

टप्पा १०: गोचर, सर्वांत शेवटी

शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे, गुरू सुमारे एक वर्ष आणि राहू सुमारे दीड वर्ष असतो. जन्मचंद्रापासून बाराव्या, पहिल्या आणि दुसऱ्या राशीतून शनी जातो ती साडेसाती. गोचर हे दशेने उघडलेल्या दारातूनच आत येते. दशेत नसलेला विषय केवळ गोचराने उभा राहतो असे मानू नये.

नमुन्यातील जातकाच्या शुक्र-शनी काळात गोचर शनी मकर आणि पुढे कुंभ राशीत येतो. कुंभेत आला की तो कर्केच्या चंद्रापासून आठवा होतो आणि ‘अष्टम शनी’ म्हणून घाबरवले जाते. लग्नाकडून पाहिले तर तोच शनी स्वराशीत, आपल्याच पंचमात आहे. दोन्ही नोंदी कराव्यात: मनावर ताण, पण विषयाला बळ.

टप्पा ११: निष्कर्षाचे वाक्य आणि मागे वळून तपासणी

तीन रकान्यांतून एकच वाक्य लिहावे. नमुन्यासाठी ते असे होईल: ‘चतुर्थ आणि पंचमाचा स्वामी शनी शिक्षण, वास्तू आणि संतती हे विषय सप्तमाच्या, म्हणजे भागीदारी किंवा विवाहाच्या मार्गाने पुढे नेतो, आरंभीचे बल अत्यंत कमी असले तरी दिग्बल, नीचभंग आणि उच्च नवमांश यांमुळे ते श्रमाने वाढते, आणि त्याचा पहिला ठळक काळ २२ वर्षे ४ महिने ते २५ वर्षे ६ महिने या वयाचा आहे.’ प्रत्येक तुकड्यासमोर त्याचा टप्पा क्रमांक घालावा. ज्या तुकड्याला क्रमांक देता येत नाही, तो काढून टाकावा. आजार, मृत्यू किंवा अपघात यांविषयी एका ग्रहावरून कधीही विधान करू नये, आणि प्रकृतीचा प्रश्न असेल तर डॉक्टरांकडेच पाठवावे.

हे वाक्य जातकाला सांगण्यापूर्वी भूतकाळावर लावून पाहावे. केतू महादशेतील शनीची अंतर्दशा ७ वर्षे ५ महिन्यांपासून ८ वर्षे ६ महिन्यांपर्यंत होती. त्या काळात घर बदलले का, शाळा बदलली का, आईच्या किंवा वडिलांच्या बाजूने काही जबाबदारी आली का, हे विचारावे. प्रश्न मोकळा ठेवावा, उत्तर सुचवू नये. काहीच जुळले नाही, तर वाक्याला मुरड घालून ते जुळवून आणू नये. कागद बाजूला ठेवून जन्मवेळेचा उगम पुन्हा विचारावा आणि पहिल्या टप्प्यापासून मांडणी करावी.